ड्रॅगनची गुहा आणि नागाचे वारूळ

कुमारवयीन व तरुण वाचकांसाठी इंग्रजीत लिहिल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत ड्रॅगन आणि त्याच्या ताब्यात सापडलेली तरुणी ही जोडी वारंवार आढळते. या बंदिवासातूनच पुष्कळदा प्रेम उमलते. अशा कादंबऱ्या मराठीत आणताना अनुवादकापुढे जो प्रश्न उभा राहतो, तो केवळ शब्दांचा नसतो. सापाच्या घरी नेलेल्या स्त्रीची एक निराळी कथा मराठी मनात आधीच वसलेली आहे.

पाश्चात्त्य परंपरेतील या कल्पनेचे मूळ जुने आहे. दुसऱ्या शतकातील लॅटिन ग्रंथकार अपुलेयस याने सांगितलेल्या सायकीच्या कथेत, तिचा पती सर्परूपी भयंकर प्राणी असेल असे भाकीत होते. प्रत्यक्षात तो मदनदेव निघतो. भय हे प्रेमाचे प्रवेशद्वार ठरते, ते येथे. आधुनिक लेखिकांनी हा सांचा तपासून पाहिला आहे. पॅट्रिशिया रीडी यांच्या ‘डीलिंग विथ ड्रॅगन्स’ (1990) मधील राजकन्या राजवाड्यातील कंटाळवाण्या जीवनाला विटून आपण होऊन ड्रॅगनकडे राहावयास जाते. नाओमी नोविक यांच्या ‘अपरूटेड’ (2015) मध्ये ‘ड्रॅगन’ हे एका मांत्रिकाचे नाव आहे. तो दर दहा वर्षांनी खोऱ्यातील एक मुलगी मनोऱ्यात नेतो, आणि त्यातूनच पुढे अनुराग निर्माण होतो. एलाना अर्नोल्ड यांच्या ‘डॅम्सल’ (2018) मध्ये मात्र ड्रॅगनपासून सोडवून आणणारा राजपुत्रच खरा बंदिपाल ठरतो. तिन्ही कृतींचा प्रश्न एकच आहे: जिला निघून जाता येत नाही, तिच्या होकाराला काय अर्थ?

मराठी कादंबरीने हा प्रश्न या रूपात क्वचितच विचारला. ल. मो. हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून (1861) अद्भुतरम्य कादंबरीत कपट, विरह आणि संकटे विपुल आहेत; पण तेथे प्रेम संकटापूर्वीचे असते आणि छळणारा खल शेवटपर्यंत खलच राहतो. बंदिवास प्रेमाची कसोटी पाहतो. तो प्रेमाला जन्म देत नाही.

खरी तुलना नागपंचमीच्या कहाणीशी करावयास हवी. या कहाणीची रूपे अनेक आहेत, परंतु गाभा परिचित आहे. श्रावणात साऱ्या सुना माहेरी जातात. धाकटीला माहेरचे कोणीच नसते. तिची करुणा येऊन नाग ब्राह्मणाच्या वेषात मामा म्हणून तिला न्यायला येतो. वाटेत आपले खरे रूप प्रकट करून, फणीवर बसवून तो तिला वारुळात नेतो. तेथे दिवा हातातून पडून नागाच्या पिलांची शेपटे भाजतात, तरी तिला धनद्रव्य देऊन सासरी पोचविले जाते. पुढे तीच पिले सूड घ्यायला येतात, तेव्हा ती पाटावर नाग काढून आपल्या भावांचे कुशल चिंतीत असते. त्यांचा राग मावळतो.

येथे सर्व संकेत उलटे झालेले दिसतात. भूमीखालचे काळोखे बीळ हे कारागृह नसून माहेर आहे. कोंडमारा असेल तर तो सासरच्या उजेडात आहे. नाग हा प्रियकर नव्हे, आप्त आहे. म्हणूनच पंचमीच्या आदल्या दिवशी स्त्रिया भावासाठी उपवास करतात. तथापि या कहाणीला मुक्तीची कथा म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. सून शेवटी सासरीच परतते, आणि त्या घराविषयी कहाणी एक अक्षरही विचारीत नाही.

अनुवादकाची अडचण येथून सुरू होते. ड्रॅगनला ‘नाग’ म्हटले की भाऊ उभा राहतो आणि शृंगार अशक्य होतो. ‘राक्षस’ म्हटले की स्मृतींतील राक्षसविवाह आठवतो, रडणाऱ्या कन्येचे बळाने केलेले हरण डोळ्यांपुढे येते, आणि लेखिकेने अनिर्णित ठेवलेला निवाडा अनुवादकच देऊन बसतो. म्हणून ‘ड्रॅगन’ हाच शब्द ठेवणे श्रेयस्कर. परंतु क्रियापदापासून सुटका नाही. इंग्रजीतील एकाच साध्या क्रियापदासाठी मराठीत ‘नेतो’, ‘घेऊन जातो’, ‘पळवतो’, ‘हरण करतो’ यांतून निवड करावी लागते. ‘न्यायला आला’ या शब्दांत तर माहेरचा सारा जिव्हाळा साठलेला आहे. तो शब्द ‘अपरूटेड’मधील मांत्रिकाला बहाल केला, तर मुलीच्या आईवडिलांचे भय वाचकापर्यंत पोचणारच नाही.

जबलपूरच्या गोहलपूरसारख्या भागात वाढणाऱ्या मराठी मुलीला कहाणी आजीच्या मराठीत ऐकावयास मिळेल आणि ड्रॅगन इंग्रजीत वाचावयास मिळेल. दोहोंच्या मध्ये हिंदीचा शेजार असेल. तिच्या हाती येणाऱ्या अनुवादाने या दोन कथा एकमेकींत मिसळून टाकू नयेत. नेणारा कोण, यापेक्षा परत येण्याची वाट उघडी आहे काय, हे तिला स्पष्ट दिसले पाहिजे. वारुळाची वाट उघडी होती. गुहेची आहे किंवा नाही, हे अनुवादाच्या क्रियापदातून कळावे.