लडाखच्या घरातील हिवाळ्याची बेगमी

रोहिणी नक्षत्र लागले की कोकणात घरोघर अगोटीची धांदल सुरू होते. लाकूडफाटा पडवीत येतो, सुकी मासळी डब्यांत भरली जाते, गुरांचा पेंढा झाकला जातो. चार महिने बाजार तुटला तरी संसार अडू नये, हा त्यामागील हेतू. हीच बेगमी पावसाऐवजी बर्फासाठी करावी लागली तर तिचे स्वरूप काय असेल, हे लडाखमधील शेतकऱ्याच्या घरात पाहावयास मिळते.

लेह हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. पाऊस व बर्फ मिळून वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर, आणि जानेवारीतील रात्री पारा शून्याखाली १५ ते २० अंशांपर्यंत उतरतो. श्रीनगरचा रस्ता जोझिला खिंडीत पूर्वी पाच-सहा महिने बंद असे. अलीकडे यंत्रांनी बर्फ हटवून ही मुदत पुष्कळ कमी करण्यात आली आहे. तथापि आडबाजूच्या खोऱ्यांतील कुटुंबास आजही बहुतांशी स्वतःच्या साठ्यावरच भिस्त ठेवावी लागते.

या बेगमीतील मुख्य बाब कोणती, असे विचारल्यास बहुतेक जण धान्य असे म्हणतील. प्रस्तुत लेखकाच्या मते ती चारा होय. घर मातीविटांचे व धाब्याचे असते. खालच्या मजल्यावर गुरे, वर माणसे. गुरांच्या अंगची ऊब वरच्या स्वयंपाकघरास मिळते. गुरांपासून दूध, शेण आणि शेणापासून जळण. म्हणजे चारा संपला तर चूलही विझते. म्हणून उन्हाळ्यात लसूणघास कापून वाळवितात, तिचे पीळ घालून ते धाब्यावर रचतात. अडीचशे किलो वजनाच्या लहान गायीस दररोज सुमारे ६ किलो कोरडा चारा धरला, तर १५० दिवसांस ९०० किलो लागतो. वसंतापूर्वी नवा चारा उगवणार नाही. सबब हिशेबात चूक झाली तर ती माघ-फाल्गुनात निस्तरता येत नाही. चारा किती यावरून गुरे किती ठेवावयाची हे शरद ऋतूतच ठरवावे लागते. दुष्काळी तालुक्यांतील आपल्या शेतकरी बंधूंनी हा हिशेब सुगीतच मांडावा.

धान्य मुख्यत्वे सातूचे. तो भाजून दळला की पीठ पुन्हा फारसे न शिजविता चहात किंवा ताकात कालवून खाता येते, त्यामुळे जळणही वाचते. जर्दाळू, पालेभाज्या व सलगमची पाने वाळवून ठेवतात. बटाटे, मुळे, गाजरे मात्र जमिनीतील खड्ड्यात ठेवून वर गवत व मातीचा जाड थर देतात. गोठण पोहोचते त्याहून खड्डा खोल हवा, नाहीतर बटाटा गोठून नासतो. ताज्या भाजीसाठी जमिनीत सुमारे ९० सेंटीमीटर खोल चर खणून त्यावर प्लास्टिकचा कागद ताणण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. रात्री वर दुसरे आच्छादन घालावे लागते. अशा चरात भर हिवाळ्यात पालक व मेथी येते.

शेण जाळू नये, असे आपण गावोगाव सांगत असतो. जेथे सरपण दुर्मीळ, तेथे हा उपदेश कोण ऐकणार? लडाखी शेतकऱ्याने त्यावर उपाय शोधला आहे. त्याचा संडास कोरडा असतो. प्रत्येक वापरानंतर माती व राख टाकतात, आणि खाली साचलेले खत वसंतात शेतात जाते.

घराची मोठी खिडकी दक्षिणेस ठेवतात. काही नव्या घरांत दक्षिणेची भिंत काळी रंगवून तिच्यापुढे काच बसवितात. दिवसा तापलेली भिंत रात्री आत ऊब सोडते. ही योजना साधी असून तिला इंधन लागत नाही.

शेवटी एक धोक्याची सूचना, जी सातपुड्यातील व नाशिककडील थंडीतही लागू पडते. ऊब टिकावी म्हणून सर्व फटी बुजवून खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे प्राणघातक आहे. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्यास वास नसतो, आणि झोपलेल्या माणसास जाग येत नाही. बंद चुलीचे धुराडे छपराबाहेर काढलेले असावे व दर हंगामापूर्वी साफ करावे. शेगडी असल्यास निजण्यापूर्वी ती अंगणात नेऊन ठेवावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी थंडी सुरू होण्यापूर्वीच ही गोष्ट घरातील स्त्रियांना व वृद्धांना प्रत्यक्ष भेटून सांगावी. चावडीवर कागद लावून हे काम होत नाही.