कानाच्या मापाचे इन-इअर घेताय? आधी माणूस ठरवा, मग माप द्या



कारेगावात एका ऑर्केस्ट्रावाल्या मित्राबरोबर बसलो होतो. दिवसा रांजणगाव एमआयडीसीत नोकरी, संध्याकाळी हळदी, लग्न, यात्रांचे प्रोग्राम. सात जणांचा ग्रुप. म्हणाला, "सर, सगळ्यांना कस्टम इन-इअर करून घेतो. एकदाच काय तो खर्च होऊन जाऊ दे."

मी विचारलं, "सातातले किती जण पुढच्या सीझनला तुझ्याबरोबर असतील?"

गडी गप्प बसला. आजचा विषय तिथूनच निघाला.

ही वस्तू आहे तरी काय?

स्टेजवर गायकाच्या पायाशी मॉनिटर स्पीकर असतो. त्याचा आवाज थेट कानात आणायचा, म्हणजे इन-इअर. कस्टम म्हणजे तुमच्या कानाचा साचा घेऊन त्याच मापात बनवलेला. १९९५ साली अमेरिकेत जेरी हार्वी नावाच्या साउंड इंजिनिअरने व्हॅन हेलन बँडच्या ड्रमरसाठी अशी जोडी बनवली, आणि त्यातूनच 'अल्टिमेट इअर्स' ही कंपनी उभी राहिली. एका गिऱ्हाइकाची अडचण नीट सोडवली की धंदा कसा उभा राहतो, ते बघा!

आधी हिशेब

कस्टम जोडी फक्त एकाच माणसाच्या कानात बसते. तो ग्रुप सोडून गेला की ती दुसऱ्याला चालत नाही आणि सहज विकलीही जात नाही.

समजा, एक जोडी ३०,००० रुपयांना पडली. वर्षाला ६० प्रोग्राम करणारा गायक तीन वर्षं टिकला, तर प्रोग्राममागे साधारण १६७ रुपये. तोच २० प्रोग्राम करून गेला, तर १,५०० रुपये. वस्तू तीच, खर्च नऊपट!

म्हणून कायमच्या माणसांनाच कस्टम करा. बाकीच्यांना रेडीमेड इन-इअर द्या, पण फोमचे वेगवेगळ्या मापाचे टिप लावून बघा. बऱ्याच जणांचं तेवढ्यात भागतं. आणि जोडी कोणाच्या मालकीची, माणूस गेला तर पैसे कसे वळते करायचे, हे आधीच कागदावर घ्या.

अजून एक. नुसती जोडी घेऊन काम होत नाही. मिक्सरला मोकळा ऑक्स आउट हवा, ट्रान्समीटर आणि कमरेचा रिसिव्हर हवा. हे सगळं धरून बजेट काढा. आत किती ड्रायव्हर आहेत यावर भुलू नका, जास्त ड्रायव्हर म्हणजे चांगला आवाज असं काही नसतं. केबल मात्र काढता येणारी घ्या, कारण आधी तुटते ती केबलच.

माप देताना

सगळा खेळ इथे आहे. एक दिवस सुट्टी काढून ऑडिओलॉजिस्टकडे जा. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते विचारा. विचारायला लाजू नका.

- आधी दुर्बिणीने कान तपासून घ्या. मळ असेल तर तो काढल्यावरच साचा. पडद्याला छिद्र असेल, कान वाहत असेल किंवा ऑपरेशन झालं असेल तर आधी सांगा.
- दोरा बांधलेला फोमचा बोळा आत ठेवूनच सिलिकॉन भरलं पाहिजे. पडद्याचं रक्षण त्या बोळ्याने होतं.
- साचा कानाच्या दुसऱ्या वळणापुढे गेलेला हवा. बुडबुडा किंवा खाच दिसली तर पुन्हा घ्यायला सांगा.
- गायक असाल तर दातांत ठोकळा धरून, तोंड उघडं ठेवून साचा द्या. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो. तोंड मिटून घेतलेला साचा तान घेताना सैल पडू शकतो.

जोडी हातात आल्यावर

त्याच दिवशी गाणं लावून बघा. तोंड उघडा, मान फिरवा, मोठ्याने गा. बास मध्येच गायब झाला तर फट आहे. अर्धा तास घालून कुठे दुखतंय का, तेही बघा. कंपन्या ठरावीक मुदतीत दुरुस्त करून देतात, ती मुदत बिलावर लिहून घ्या. आमच्या मित्राच्या गायिकेने डबा उघडला तो थेट यात्रेच्या दिवशी. फट होती आणि मुदत संपली होती!

आता खरी गोष्ट

फट असली की बास कमी लागतो. मग माणूस आवाज वाढवतो. एक बाजू काढून गाणाराही तेच करतो. आणि तिथेच कान जातो.

आपल्याकडे कारखान्यात ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा धरतात. अमेरिकेतली 'नायॉश' ही संस्था ८५ च धरते, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मी करते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! आता बघा, प्रेसशॉपमध्ये शिफ्ट करून स्टेजवर आलेल्या पोराने आपला दिवसाचा कोटा आधीच संपवलेला असतो. कानाला कंपनी वेगळी आणि स्टेज वेगळं कळत नाही, तो बेरीज करतो.

म्हणून शिफ्टमध्ये इअरप्लग घाला. स्टेजवर दोन्ही बाजू घाला, आवाज कमी ठेवा, रिसिव्हरचा लिमिटर चालू ठेवा. साचा द्यायला जाल त्याच दिवशी ऑडिओमेट्री करून रिपोर्ट फाईलला लावा. प्रोग्रामनंतर कानात शिट्टी वाजत असेल तर 'होतं असं' म्हणून सोडू नका. गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही.

मित्राने शेवटी दोनच जोड्या केल्या. एक स्वतःची, एक गायिकेची, आणि या वेळी तोंड उघडं ठेवून. उरलेल्या पैशांतून सगळ्या सात जणांची ऑडिओमेट्री केली.

मशीनला आपण मेंटेनन्स देतो ना? मग ज्या कानांवर धंदा चालतो, त्यांनाही द्या. या आठवड्यात एवढंच करा: वही घ्या, ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या नावापुढे 'कायम' की 'सीझनपुरता' ते लिहा. कोटेशन त्यानंतर मागवा.