सीए कधी लागतो, कसा निवडायचा आणि त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं

जून महिना लागला की शाखेच्या काउंटरवर एक प्रश्न रोज येतो: "साहेब, ओळखीचा एखादा चांगला सीए सांगा ना." बँकेच्या अधिकाऱ्याने कुणाचं नाव सुचवणं बरोबर नाही, म्हणून नाव मी सांगत नाही. मात्र निवड करताना काय पाहायचं आणि निवडल्यावर काय सांभाळायचं, हे नक्की सांगता येतं.

आधी हे बघा की तुम्हाला सीए हवाच आहे का. जबलपुरातल्या आपल्या बहुतेक खातेदारांचं उत्पन्न दोन-तीन ठिकाणांहूनच येतं. खमरिया, जीसीएफ किंवा रेल्वेचा पगार नाहीतर पेन्शन, मुदत ठेवींचं व्याज, आणि फार तर वरच्या मजल्याचं भाडं. अशांना आयटीआर-१ हा साधा फॉर्म लागतो आणि आयकर पोर्टलवर तो बराचसा भरलेलाच मिळतो. घरातली कॉलेजात जाणारी नात अर्ध्या तासात तो पूर्ण करून देईल. २०२५-२६ या वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. पेन्शनरांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट त्याशिवाय मिळते. पण कर शून्य असला तरी ज्येष्ठ नागरिकाचं एका बँकेतलं व्याज वर्षाला १ लाखाच्या वर गेलं की टीडीएस कापला जातो. तो टाळायला आपण ज्याला १५-एच म्हणत आलो तो अर्ज आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच शाखेत द्या. त्यासाठी कुणाला फी द्यायची गरज नाही. वयाची ७५ वर्षं पूर्ण झाली असतील आणि पेन्शन व व्याज एकाच बँकेत येत असेल, दुसरं काही उत्पन्न नसेल, तर बँकेला घोषणापत्र देऊन रिटर्न भरण्यातूनही सुटका मिळू शकते. याबद्दल शाखेत विचारा. लोक विचारत नाहीत, याचंच मला आश्चर्य वाटतं.

सीए लागतो तो वेगळ्या वेळी. दुकानाचे हिशेब, शेअर बाजारातली रोजची उलाढाल, आयकर खात्याची नोटीस, परदेशातलं उत्पन्न, आणि सगळ्यात जास्त म्हणजे घर किंवा जमीन विकताना.

समजा, नागपूरच्या महालातलं वडिलोपार्जित घर चार भावंडं मिळून विकत आहेत आणि तुम्ही त्यातले एक आहात. घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ रोजीची बाजारभावाची किंमत काढावी लागते. त्यासाठी मूल्यांकनाचा अहवाल लागतो. घर २३ जुलै २०२४ च्या आधीपासून कुटुंबाकडे असेल, तर महागाईची वजावट न घेता १२.५ टक्के किंवा ती घेऊन २० टक्के, यांपैकी ज्यात कमी कर बसेल तो हिशेब घेता येतो. व्यवहाराची एकूण किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापेल, तुमचा स्वतःचा हिस्सा कमी असला तरी. एखादा भाऊ परदेशात राहत असेल तर त्याच्या हिश्शावरची कापणी वेगळीच असते. कर वाचवायला ठराविक रोखे घ्यायचे असतील तर विक्रीनंतर ६ महिन्यांची मुदत आहे. दुसरं घर घ्यायचं असेल आणि पैसे अजून खर्च झाले नसतील, तर रिटर्नच्या मुदतीपूर्वी ते भांडवली नफा योजनेच्या खात्यात ठेवावे लागतात. हे खातं उघडायला लोक जुलैच्या शेवटच्या आठवड्यात धावत येतात. सीएकडे मात्र सौदा होण्याआधी जायला हवं, बयाणा घेतल्यावर नाही. इथे दिलेली फी कित्येक पटींनी वसूल होते.

आता निवड. चार्टर्ड अकाउंटंट हा शब्द कायद्याने बांधलेला आहे. १९४९ च्या कायद्याने त्यांची संस्था, म्हणजे आयसीएआय, स्थापन झाली. तिचा सभासद असल्याशिवाय कुणालाही स्वतःला सीए म्हणवून घेता येत नाही. प्रत्येक सभासदाला सहा अंकी क्रमांक असतो. नोकरी करणारा सीए आणि स्वतंत्र व्यवसाय करणारा सीए यांत फरक आहे: दुसऱ्याकडे संस्थेचं व्यवसायाचं प्रमाणपत्र असावं लागतं. सभासद क्रमांक विचारायला संकोच करू नका. डॉक्टरच्या दवाखान्यात भिंतीवरची पदवी आपण वाचतोच ना?

राइट टाउन-नेपियर टाउनात फिरलात तर 'टॅक्स कन्सल्टंट' असेही पुष्कळ बोर्ड दिसतील. ही पदवी नाही, कुणीही तसं लिहू शकतो. याचा अर्थ ते सगळे वाईट असा नाही. आयकराची कामं करणारे वकीलही तुमच्या वतीने खात्यापुढे उभे राहू शकतात आणि त्यांतले काही फार जाणकार असतात. साधं रिटर्न यांपैकी कुणीही भरून देईल. पण जिथे सीएचं प्रमाणपत्रच मागितलेलं असतं, तिथे दुसऱ्याची सही चालत नाही.

मला खरी काळजी वाटते ती रिफंडच्या आमिषाची. "तुमचे ४० हजार परत आणून देतो, त्यातले १५ टक्के आमचे," असं कुणी म्हणालं की तिथून उठा. रिटर्न भरून देण्यासाठी रिफंडच्या टक्केवारीवर फी घेणं सीएच्या आचारसंहितेत बसत नाही, आणि ठराविक चौकटीबाहेर जाहिरात करून ग्राहक ओढणंही बसत नाही. तेव्हा व्हॉट्सॲपवर मोठ्या रिफंडची हमी देणारा माणूस एकतर सीए नाही, नाहीतर नियम मोडणारा सीए आहे.

हा प्रकार आपल्या राज्यातही घडलेला आहे. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभर सुमारे १५० ठिकाणी तपासणी केली. त्याआधी ज्या राज्यांत छापे पडले होते, त्यांत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही दोन्ही नावं होती. काही रिटर्न भरणारे मध्यस्थ खोट्या वजावटी दाखवून, न दिलेल्या देणग्या आणि न भरलेलं घरभाडं लिहून लोकांना रिफंड मिळवून देत होते आणि त्यावर कमिशन घेत होते. यात अडकलेल्यांत सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारीही होते, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखेच पगारदार. त्यांतली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे मध्यस्थ एकगठ्ठा रिटर्नसाठी तात्पुरते ईमेल पत्ते तयार करत आणि नंतर ते सोडून देत. त्यामुळे खात्याच्या नोटिसा कुणी वाचतच नसे.

रिटर्न कुणीही भरलेलं असो, कायद्यापुढे ते तुमचं असतं. उत्पन्न चुकीचं दाखवून कर बुडवला असं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड बसू शकतो, शिवाय व्याज. कमिशन घेणारा तोवर फोन उचलत नाही. जुन्या रिटर्नमध्ये असं काही घडलं असल्याची शंका असेल तर चांगल्या सीएकडे जाऊन सुधारित किंवा अद्ययावत रिटर्नचा मार्ग विचारा. अद्ययावत रिटर्नला आता ४८ महिन्यांची मुदत आहे, पण जितका उशीर तितका जादा कर.

म्हणून पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच हवा. "आमचाच टाकतो, ओटीपीचा त्रास नको," असं कार्यालयातली मुलं सहज म्हणतात. नम्रपणे नाही म्हणा. रिटर्न दाखल करण्यापूर्वी उत्पन्नाचा आणि वजावटींचा हिशेब कागदावर मागा आणि प्रत्येक वजावटीचा पुरावा तुमच्याकडे आहे का ते पाहा. नसेल तर ती वजावट काढायला सांगा, सीए रागावला तरी. फी आधीच ठरवा, ऑनलाइन किंवा चेकने द्या आणि पावती घ्या.

सीएलाही तुमच्याकडून सगळी माहिती मिळायला हवी. "त्या बँकेतली एफडी सांगायची राहिली," असं दरवर्षी होतं. पण तुमच्या पॅनवरची प्रत्येक बँकेतली ठेव खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये दिसते. आणखी एक गैरसमज: पाच वर्षांची संचयी ठेव आहे, पैसे हातात आले नाहीत, म्हणजे व्याज नाही. बँक ते व्याज दरवर्षी जमा धरते आणि दरवर्षी कळवते. रिटर्नमध्येही साधारणपणे तसंच दाखवणं सोयीचं, नाहीतर शेवटच्या वर्षी एकदम मोठा आकडा दिसतो.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असेल तर तिकडचा हिशेब सीपीए, म्हणजे सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट पाहतो. इथला सीए तिकडचं काम करेल किंवा तिकडचा सीपीए इथलं, असं गृहीत धरू नका. सोय म्हणून त्यांचं नाव तुमच्या ठेवींवर जोडलं असेल तर त्यांना ते जरूर कळवा. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेल्यांना परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर तिथे कळवावी लागते, आणि त्यात आई-वडिलांबरोबरचं संयुक्त खातंही येतं.

शैक्षणिक कर्ज किंवा व्हिसासाठी सीएचं प्रमाणपत्र आणलंत तर त्यावर १८ अक्षरांचा यूडीआयएन क्रमांक असायला हवा. २०१९ पासून तो बंधनकारक आहे. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा सीएच्या सभासद क्रमांकाचे. आयसीएआयच्या यूडीआयएन पोर्टलवर तो कुणालाही तपासता येतो. आम्ही तपासतो. तुम्हीही तिथेच, त्यांच्या कार्यालयात बसून तपासा, म्हणजे शाखेतून परत जावं लागणार नाही.

रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करायची असते. आधारच्या ओटीपीने ती दोन मिनिटांत होते. ती राहिली तर रिटर्न भरलंच नाही असं धरलं जातं. रिफंड ज्या खात्यात हवा ते पोर्टलवर आधी पडताळून घ्यावं लागतं, आणि इथे आपल्याकडच्या बायकांचं बऱ्याचदा अडतं: पॅनवर माहेरचं नाव, खात्यावर सासरचं. ही दुरुस्ती आधी करून घ्या. पॅन, आधार आणि पासबुक घेऊन शाखेत या, केवायसीच्या फॉर्मवर ती होते.