गुच्छावर नाव कुणाचे?

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी मामांच्या फुलांच्या दुकानात बसत असे. पुण्यातल्या एका पेठेतले हे लहानसे दुकान. पहाटे मार्केट यार्डातून झेंडू, शेवंती, गुलछडी आणायची, मामींनी हार-वेण्या गुंफायच्या आणि मामांनी गिऱ्हाईक सांभाळायचे, हा तिथला वर्षानुवर्षांचा शिरस्ता. एके दिवशी एक विक्रेता आला. एका सिनेनटीच्या नावाचे पुष्पगुच्छ दुकानात ठेवा, असे त्याचे म्हणणे. वेष्टनावर तिचे छायाचित्र, आत तिच्या ‘आवडीची’ ठरावीक फुले आणि किंमत नेहमीच्या गुच्छाच्या दुप्पट. “अमेरिकेत हे केव्हाच सुरू झालंय,” असेही तो सांगून गेला. मामा मला म्हणाले, “तू कॉलेजात शिकतोस ना? मग सांग, ठेवावेत की नाही?”

मला उत्तर देता आले नाही. पुढे ग्रंथालयात बसून जे समजले, ते सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

विक्रेता खोटे बोलत नव्हता. 1910 साली अमेरिकेतल्या काही फूलविक्रेत्यांनी एकत्र येऊन तारेने मागण्या पाठवण्याची व्यवस्था उभारली. तिचे नाव फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी, म्हणजेच ‘एफटीडी’. एका गावच्या दुकानात पैसे भरावेत आणि दुसऱ्या गावच्या दुकानदाराने गुच्छ बांधून पोचवावा, अशी ही योजना. गिऱ्हाइकाने चित्रात पाहिलेला गुच्छच घरी पोचायला हवा, म्हणून त्याची कृती ठरवून दिली जाऊ लागली: अमुक फुले इतकी, फुलदाणी अमुक. कृती ठरली की तिच्यावर कुणाचेही नाव घालणे सोपे. 2008 साली ‘वन एट हंड्रेड फ्लॉवर्स’ या कंपनीने मार्था स्टुअर्ट यांच्या नावाचे गुच्छ आणले. वधूवेशांसाठी प्रसिद्ध असलेल्या वेरा वँग यांच्या नावाचे गुच्छ एफटीडीनेही विकले.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. मार्था स्टुअर्ट यांची ख्याती मुळी बागकाम आणि गृहसजावटीचीच. वेरा वँग यांचा संबंध लग्नसमारंभाशी. त्यांच्या नावामागे त्या विषयाची काही जाण आहे, असे गिऱ्हाइकाने मानले तर ते गैर नाही. परंतु जिने फुले निवडली नाहीत, गुच्छाला हातही लावला नाही, त्या नटीच्या नावाने काय सिद्ध होते? एवढेच की नाव वापरण्याचे पैसे कुणीतरी मोजले आहेत.

मग फुलांना माणसांची नावे देऊच नयेत काय? तसे नाही. फ्रान्समधील फ्रान्सिस मेयाँ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पिवळसर-गुलाबी छटेचा एक गुलाब तयार केला आणि त्याला आपल्या आईचे नाव दिले. तोच गुलाब 1945 साली अमेरिकेत ‘पीस’, म्हणजे ‘शांती’, या नावाने प्रसिद्ध झाला. आपल्याकडे डॉ. होमी भाभांच्या नावाचा पांढरा गुलाब आहे. ही नावे वाणाची आहेत. कलम कुठेही लावा, फूल तेच येते आणि नाव खरे ठरते. गुच्छावरचे नाव मात्र फुलांचे नसून वेष्टनाचे असते. चार दिवसांनी फुले कोमेजतात, वेष्टन केरात जाते.

आता व्यवहाराची बाजू. मार्केट यार्डात फुलांचा भाव रोज बदलतो. गणपती-दसऱ्याला तो चढतो, पितृपक्षात उतरतो. फेब्रुवारीत मावळातल्या हरितगृहांतला गुलाब परदेशी जाऊ लागला की इथेही महागतो. अशा वेळी चतुर दुकानदार गुलाब कमी करतो, शेवंती वाढवतो आणि गुच्छ तितकाच देखणा बांधतो. ठरावीक कृतीत ही मुभा नाही. भाव चढला तर तोटा दुकानदाराचा, फुले शिळी निघाली तर बोलही त्यालाच. नटीकडे तक्रार घेऊन कोण जाणार?

म्हणून माझे मत असे: फूलवाल्याने असे गुच्छ विकूच नयेत, असे नाही. ज्याचे नाव आहे त्याने रचना खरोखरच केलेली असावी, फुले बदलण्याची मुभा दुकानदाराला असावी आणि नावापोटी किती जास्त घेतले जाते, ते गिऱ्हाइकाला कळावे. एवढे असेल तर ज्याला हौस आहे त्याने खुशाल घ्यावे. नसेल तर तो फुलांचा व्यापार नव्हे, छायाचित्राचा.

हे सारे मी मामांना पत्राने कळवले. त्यांनी त्यातली फुले बदलण्याची अट तेवढी विक्रेत्यापुढे ठेवली. तो पुन्हा आलाच नाही. मामींच्या वेण्या मात्र रोज संध्याकाळपर्यंत संपतात. त्यांवर कुणाचेच नाव नसते, पण नेहमीच्या बायका दुकानात येताच विचारतात, “आजची वेणी वहिनींनीच बांधली आहे ना?”