मूल आपल्या पायांनी गेले, म्हणून गुन्हा टळतो काय?

धायरी हे गाव ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत आले. गावच्या यात्रेत सारा गाव एकमेकांस नावाने ओळखत असे, ते दिवस गेले. आता भिंतीपलीकडील बिऱ्हाडाचे आडनावही पुष्कळांस ठाऊक नसते. आईबाप दोघेही कामावर आणि मूल शेजारणीच्या स्वाधीन, हा नित्याचा क्रम होय. अशा वस्तीत मूल नाहीसे झाले की चार शहाणी माणसे प्रथम हेच विचारतात की, बळजबरीने नेले की आपण होऊन गेले? आपण होऊन गेले असेल तर पळवून नेल्याचा गुन्हा कसला, हाही निवाडा ती लगेच देऊन टाकतात. हा निवाडा साफ चुकीचा आहे.

१८६० च्या दंडसंहितेने हा गुन्हा पालकाच्या रखवालीवरील घाला मानला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ मध्येही तेच तत्त्व आहे. अठरा वर्षांखालील मुलास पालकाच्या संमतीवाचून त्याच्या रखवालीतून नेले किंवा फूस लावून बाहेर काढले, की गुन्हा पुरा झाला. दोरखंड नको, खंडणी नको, मुलाचा होकार तर जमेसच धरावयाचा नाही. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या कायद्यात मुलग्यांपुरती मर्यादा सोळा वर्षांची होती, ती आता अठरा झाली आहे. पालक या शब्दात, ज्याच्यावर मूल कायदेशीरपणे सोपविले आहे तोही येतो. म्हणजे ती शेजारीणही आली. आणि पुण्याची हौस दाखवून, घरच्यांस न विचारता, गावाकडचा पोऱ्या दुकानावर आणणारे आमचे व्यापारी बंधूही या कलमाच्या बाहेर नाहीत.

मात्र या कायद्याचा सोटा करणाऱ्या बापांचीही आम्ही गय करणार नाही. वरदराजन खटल्यात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपीस सोडले. कारण सज्ञान होण्याच्या बेतात असलेली शिकलेली मुलगी स्वतःच्या विचाराने घर सोडून आली होती, आणि नुसते तिच्या सोबत जाणे म्हणजे तिला नेणे नव्हे. अठरा पुरी झालेल्या मुलीच्या लग्नावर रागावून हे कलम लावू पाहणे तर निव्वळ खोटेपणा. सज्ञान व्यक्तीवर जबरदस्ती वा कपट झाले तर त्यास कलमे निराळी आहेत.

खरी हानी होते ती मूल नुसते 'हरवले' म्हणून सोडून देण्याने. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका व सीमा यांनी १९९० ते १९९६ या काळात लहान मुले पळविली, गर्दीतील चोऱ्यांत ढालीसारखी वापरली आणि त्यांतील काहींचा जीव घेतला. पुष्कळ मुले गरिबांची होती. सहा वर्षे हे चालू शकले, याची लाज आम्हां सर्वांस वाटली पाहिजे.

हरवलेल्या मुलाची तक्रार येताच ते पळविले गेले असे गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये दिला. तरीही अब्रूच्या भयाने दोन दोन दिवस सोयऱ्याधायऱ्यांकडेच शोध घेणारी घरे आहेत. आणि ठाण्यावर गेलेल्यांस हद्दीचे कारण सांगून परत धाडले जाते, ही तक्रारही जुनीच आहे. हद्द कोणाची हे पोलिसांनी मागाहून आपसांत ठरवावे. गुन्हा कोठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यावर देता येते, असे २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे.