रात्रीच्या आकाशाचा टाइमलॅप्स : तयारी दिवसाउजेडीच करावी

नवी दिल्ली : लडाखमधील हानले येथील भारतीय खगोलशास्त्रीय वेधशाळेचे प्रभारी अभियंता दोरजे आंगचुक यांनी २०२५ च्या आरंभी पृथ्वीचे परिवलन दाखविणारी चोवीस तासांची टाइमलॅप्स चित्रफीत प्रसिद्ध केली आणि ती जगभर वाखाणली गेली. त्यामागे चार रात्रींची खटपट होती. कडाक्याच्या थंडीत कधी साठवणक्षमता संपली, कधी बॅटरीने दगा दिला, कधी टायमर बिघडला. वेधशाळेत काम करणाऱ्या जाणकाराची ही गत, तर नोएडा किंवा गुरुग्रामच्या हौशी छायाचित्रकाराने साहित्याची तयारी किती आधीपासून करावी, हे वेगळे सांगायला नको.

टाइमलॅप्स म्हणजे ठरावीक अंतराने टिपलेल्या शेकडो स्थिर छायाचित्रांची साखळी. सेकंदाला २५ छायाचित्रे धरली तर दहा सेकंदांच्या चित्रफितीला २५० लागतात. दर अर्ध्या मिनिटाला एक याप्रमाणे त्यासाठी दोन तास पाच मिनिटे कॅमेरा अविरत चालला पाहिजे. मधली दहा छायाचित्रे हुकली की पडद्यावर तारे एकदम उडी घेतात, आणि तो सांधा नंतर जुळत नाही.

पुन्हा प्रयत्न करू म्हणावे, तर राजधानी परिसरात तशा रात्री मोजक्याच. शहराच्या झगमगाटात आकाशगंगा दिसत नाही, म्हणून हौशी मंडळी अमावास्येच्या सुमारास राजस्थानातील सरिस्का परिसरासारख्या काळोख्या जागा गाठतात. पावसाळ्यात ढग, ऑक्टोबर-नोव्हेंबरात धूर, डिसेंबर-जानेवारीत धुके. उरतात त्या प्रामुख्याने मार्च ते जूनमधील रात्री; त्यातही मे-जूनमध्ये धुळीची वादळे.

साहित्यात महागडा कॅमेरा सर्वांत महत्त्वाचा, हा समज चुकीचा आहे. हाताने मांडण्या ठरविता येणारा क�ोणताही कॅमेरा, विस्तृत दृश्य टिपणारी लेन्स, भक्कम ट्रायपॉड आणि ठरल्या वेळी शटर उघडणारा इंटरव्हॅलोमीटर एवढ्यावर काम भागते. तारे रेघेसारखे ओढले जाऊ नयेत यासाठी ५०० ला लेन्सच्या नाभीय अंतराने भागण्याचा ढोबळ नियम आहे : २० मिलिमीटरच्या लेन्सला २५ सेकंद. सेन्सर लहान असल्यास भाजकाला दीडने गुणावे; म्हणजे तीच लेन्स सुमारे १६ सेकंदच देते. दोन छायाचित्रांमध्ये कार्डावर नोंद होण्यास काही सेकंद मोकळे सोडावेत. दीर्घ एक्स्पोजरसाठी असलेली नॉइज रिडक्शनची सोय बंद ठेवावी, कारण ती प्रत्येक छायाचित्रामागे जवळपास तितकाच वेळ खाते. स्वयंचलित फोकस आणि व्हाइट बॅलन्सही बंदच हवेत. तेजस्वी ताऱ्यावर फोकस साधून लेन्सचे कडे चिकटपट्टीने पक्के करावे.

खरी परीक्षा वीज आणि दव यांची. थंडीत बॅटरी लवकर उतरते; म्हणून बॅटरीच्या जागी बसणाऱ्या अडॅप्टरमधून पॉवर बँकेची वीज द्यावी. मात्र काही पॉवर बँका प्रवाह कमी होताच आपोआप बंद पडतात, हे घरीच तपासलेले बरे. उत्तररात्री दव धरले की लेन्स नकळत अंध होते आणि हे बहुधा सकाळीच उमगते. लेन्सभोवती गुंडाळायची, पॉवर बँकेवर चालणारी तापपट्टी हा त्यावरचा साधा उपाय. ती दव दिसल्यावर नव्हे, आरंभीच सुरू करावी.

या सर्वांची रंगीत तालीम गच्चीवर होऊ शकते. दिल्लीत ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून सुमारे साडेअठ्ठावीस अंश उंचीवर असतो. कॅमेरा तिकडे रोखून, शहरी उजेडामुळे एक्स्पोजर काही सेकंदांवर आणून, पूर्ण दोन तास चालू द्यावा. त्याभोवती फिरणारे ठळक तारे तेवढे टिपले जातील. पण बॅटरी किती टिकली, कार्ड किती भरले, ट्रायपॉड हलला का, याचा हिशेब हाती येईल. मराठी वाचकांना पुढची पायरी घराजवळही आहे : नागपूरजवळचा पेंच व्याघ्रप्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले डार्क स्काय पार्क ठरला.

चित्रण संपल्यावर गार पडलेला कॅमेरा थेट उबदार मोटारीत वा खोलीत नेऊ नये. तो बाहेरच हवाबंद पिशवीत ठेवावा, म्हणजे बाष्प पिशवीवर साचते, लेन्सवर नाही. कार्ड मात्र त्याआधीच काढून घ्यावे.