टेकडीवरून उडी मारत नाहीत

कुम्हारी सपाट आहे. रायपूरकडून येताना खारून नदी ओलांडली की दुर्ग जिल्हा लागतो. मग धानाची शेतं, रेल्वेमार्ग, कारखाने, आणि चढ म्हणावा असा एकच, महामार्गावरचा उड्डाणपूल. त्यामुळे इथलं एखादं मराठी कुटुंब सुटीत दुर्गला आझाद हिंद एक्स्प्रेसमध्ये बसून पुण्याला पोहोचलं आणि तिथला भाचा म्हणाला, ‘मामा, कामशेतला चला, टँडम पॅराग्लायडिंग करू’, की फोनवर इकडचे सगळे एकदम जाणकार होतात. ‘कड्यावरून उडी मारायची म्हणे!’ ‘वारा पडला की माणूस खाली.’ ‘गोव्यात एक मुलगी गेली ना त्यात?’

यातलं शेवटचं वाक्य खरं आहे, त्याच्याकडे नंतर येतो. पहिली दोन खरी नाहीत.

आधी नावांचा गोंधळ. तारकर्लीला किंवा मुरूडला बोटीमागे दोर बांधून ओढतात ते पॅरासेलिंग. पाठीला पंखा आणि इंजिन असतं तो पॅरामोटर. विमानातून उडी मारून उघडतात ती हवाई छत्री, म्हणजे पॅराशूट. पॅराग्लायडर यांपैकी काहीच नाही. तो कापडाचा पंख आहे. पुढच्या कडेला उघडे कप्पे असतात, त्यांत हवा शिरली की कापड फुगून पंखाचा आकार घेतं. मग विमानाच्या पंखासारखंच ते हवा कापत पुढे जातं आणि त्या पुढे जाण्यातून त्याला उचल मिळते. गोल पॅराशूट सेकंदाला साधारण पाच मीटर खाली येतं. पॅराग्लायडर शांत हवेत सेकंदाला मीटरभर किंवा थोडा जास्तच उतरतो आणि तेवढ्यात दहाएक मीटर पुढे सरकतो. म्हणजे वारा पूर्ण पडला तरी शंभर मीटर उंचीवरून जमिनीवर यायला दीड मिनिटाच्या आसपास लागतं, तेही तिरकं, सावकाश. दगडासारखं पडणं यात नाही.

आणि उडी तर नाहीच. उतरत्या गवताळ उतारावर पंख मागे पसरलेला असतो. प्रवासी पुढे, पायलट मागे, दोघांचे हार्नेस एकाच पंखाला अडकवलेले. समोरून वारा आला की पंख डोक्यावर उभा राहतो आणि पायलट ओरडतो, ‘पळा, पळा, बसू नका!’ आठ-दहा पावलं पळताना पाय हवेतच मारत असल्याचं लक्षात येतं. इतकंच. इथे प्रवाशाला करायचं असं एकच काम असतं आणि नेमकं तेच चुकतं. जमीन सुटतेय असं वाटलं की माणूस घाबरून पाय दुमडतो आणि खुर्चीत बसल्यासारखा बसतो. पंखाला अजून पुरेसा वेग आलेला नसतो आणि दोघे उतारावर घसरतात. ‘आपण पैसे भरलेत, आपलं काम फक्त बसायचं’ ही समजूत घरी ठेवून जावी. गुडघेदुखी असेल, पळणं जमत नसेल, तर ते टेकडीवर चढायच्या आधीच सांगावं.

सगळ्यात पक्का गैरसमज मात्र वाऱ्याबद्दलचा आहे. जितका जोराचा वारा तितकं छान उडता येतं, असं बहुतेकांना वाटतं. पतंग उडवल्याचा तो अनुभव असावा. पण पतंगाला दोरा असतो. टँडम पंखाचा हवेतला नेहमीचा वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटर. समोरून १५-२० चा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबात आपण सायकलच्या वेगाने पुढे जातो. म्हणूनच उतरणंही सोपं जातं. वारा ३५ चा झाला की पंख जागच्या जागी टांगल्यासारखा थांबतो. त्याहून वाढला तर तो मागे, टेकडीच्या माथ्यावरून पलीकडे ढकलला जातो. टेकडीच्या पाठीमागे हवा गुंडाळी खात खाली येत असते आणि त्या गुंडाळीत कोणताही पंख नीट राहत नाही. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. खाली बसलेल्या पर्यटकाला जो वारा ‘मस्त’ वाटतो, तो पाहून चांगला पायलट पंख गोळा करायला घेतो.

दुसरी गोष्ट उन्हाची, आणि ती समजायला कुम्हारीची माणसं पुणेकरांपेक्षा लायक आहेत. चैत्र-वैशाखात भर दुपारी धान कापलेल्या मोकळ्या शेतात वावटळ उठते, पेंढ्याच्या काड्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या गरगरत वर जातात. वर कुठेतरी घार पंख न हलवता गोल फिरत उंच चढत असते. दोघांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, तापलेल्या जमिनीवरून वर निघालेल्या हवेचा स्तंभ. याला उडणारे लोक थर्मल म्हणतात. कसलेला पायलट घारीसारखाच त्यात शिरून शेकडो मीटर वर चढतो. हिमाचलातल्या बीर-बिलिंगला सुमारे २४०० मीटर उंचीवरून उड्डाण करून लोक तासन्‌तास हवेत राहतात ते याच्याच जोरावर. तिथे २०१५ मध्ये पॅराग्लायडिंगच्या विश्वचषकाची फेरी झाली. पण हीच हवा कडेला फाटकी, धक्के देणारी असते. म्हणून पहिल्यांदा उडणाऱ्याने मे महिन्याच्या दुपारचा आग्रह धरू नये. सकाळ किंवा संध्याकाळ घ्यावी, आणि त्याहून बरं म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावं. पावसाळ्यात हा खेळ बंद असतो. हिमाचलात १५ जुलै ते १५ सप्टेंबर सरकारी बंदीच असते.

उंचीची भीती उलटी आहे, हे मात्र कुणाला पटत नाही. हवेच्या धक्क्याने पंखाचा एखादा भाग दुमडला तर तो पुन्हा उघडायला उंची लागते, आणि बहुधा तो आपोआप उघडतो. पायलटच्या हार्नेसमधलं राखीव पॅराशूट फेकलं तरी ते फुलायला उंची लागते. पाचशे मीटरवर हाताशी वेळ असतो, पंधरा मीटरवर नसतो. अपघात व्हायची जागा म्हणजे निघताना आणि उतरतानाचा जमिनीलगतचा पट्टा, जिथे फोटो काढणाऱ्यांना सगळं सुरक्षित वाटत असतं. आणि चक्कर? गच्चीच्या कठड्यावरून खाली पाहिलं की पोटात गोळा येणाऱ्या पुष्कळांना हवेत तसं होत नाही, कारण पायाखालून जमिनीपर्यंत जाणारी भिंत डोळ्यांसमोर नसते. मळमळ मात्र होऊ शकते. भरपेट मिसळ उड्डाणानंतर खावी.

आता गोवा. जानेवारी २०२५ मध्ये पेडणे तालुक्यातल्या केरी पठारावरून निघालेलं टँडम उड्डाण थोड्याच वेळात कोसळलं. पुण्याची तरुण पर्यटक आणि तिचा पायलट, दोघेही गेले. परवानगीशिवाय हा व्यवसाय चालवल्याच्या आरोपावरून मालकावर गुन्हा दाखल झाला. तेव्हा ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. होतं. टँडम हा जोखमीचा खेळ आहे, पण ती जोखीम आंधळी नाही. बरीचशी जोखीम माणसांच्या निर्णयांत असते आणि ते निर्णय जमिनीवर घेतले जातात. पायलटकडे टँडमचा वेगळा परवाना आहे का? एकट्याने उत्तम उडणारा माणूस प्रवासी घेऊन उडायला आपोआप पात्र होत नाही. राखीव पॅराशूट आहे का? दोघांचं मिळून वजन पंखाच्या ठरलेल्या मर्यादेत बसतं का? म्हणूनच वजन विचारतात, त्यात लाजून पाच किलो कमी सांगण्यासारखा वेडेपणा नाही. हार्नेसचे मांड्यांचे पट्टे निघण्याआधी पुन्हा तपासले का? महाराष्ट्रात २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा व्यावसायिकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. प्रमाणपत्र दाखवा म्हटल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे उडू नये.

सही करून घेतात त्या कागदाबद्दलही घोळ आहे. ‘सही केली म्हणजे संपलं, त्यांची काही जबाबदारी नाही.’ तसं नाही. तुम्ही धोका समजून घेतला एवढंच त्यातून दिसतं. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ त्या सहीने पुसलं जात नाही. उलट आपल्या विमा पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले आहेत का, हे कुणीच पाहत नाही.

एवढं करून मिळतं काय? फेब्रुवारी २०२५ मध्ये वाईजवळच्या पसरणीच्या एका विद्यार्थ्याला ते नेमकं ठाऊक होतं. पाचगणीत असताना परीक्षेची वेळ जवळ आली आणि घाटात वाहनं तुंबलेली. पॅराग्लायडिंगवाल्यांच्या मदतीने तो पठारावरून उडाला आणि दप्तरासह कॉलेजजवळ उतरला. तो व्हिडिओ देशभर फिरला. मला कामशेतला त्याहून साधं काही मिळालं. पवनेचं पाणी, खाली बैलांएवढे दिसणारे ट्रॅक्टर, आणि शांतता. इंजिन नाही, कानाला फक्त दोऱ्यांमधून जाणारा वारा. मागून पायलट त्याच्या गावच्या जत्रेबद्दल बोलत होता. उतरायच्या आधी म्हणाला, ‘आता उभे राहा.’ दोन पावलं चाललो आणि पंख मागे कोसळला. बारा मिनिटं झाली होती.

पण हे दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी आम्ही टेकडीवर दोन तास गवतात बसून होतो. पायलट दर थोड्या वेळाने वारा मोजायचा, मान हलवायचा, आणि शेवटी त्याने सगळ्यांना जीपमध्ये घालून खाली आणलं. पैसे परत करायलाही तयार होता. भाचा अजून म्हणतो, तो दिवस फुकट गेला.